सायकल आणि भाकरी

आरोग्यावरील एखादा लेख शाळेच्या वार्षिकात यावयाचाच, आणि तो वाचून कोणी पहाटे उठू लागल्याचे आमच्या तरी ऐकिवात नाही. म्हणून ह्या खेपेस सर्वसाधारण उपदेश न करिता दोन साध्या वस्तूंचा अभ्यास करावा, असे आम्ही योजिले आहे. त्यांपैकी एक सायकल व दुसरी भाकरी. पैठण तालुक्यातील पुष्कळ घरांतून ह्या दोन्ही वस्तू आहेत. परंतु एक भिंतीला टेकून गंजत असते, व दुसरी पाहुणे आले म्हणजे ताटातून नाहीशी होते. दोहोंवर आरोप एकच आहे, तो हा की, त्या गरिबीची खूण आहेत. हा आरोप खरा आहे काय, आणि तो खरा मानल्याने आपल्या शरीराचे काय होते, हे पाहणे हा ह्या पाठाचा हेतू होय.

चालणाऱ्यांचे गाव

पैठण हे पायांनी मोठे केलेले गाव आहे. सातवाहनांच्या काळी हेच प्रतिष्ठान नगर राजधानी होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अज्ञात व्यापाऱ्याने ग्रीक भाषेत 'पेरिप्लस' नावाचे प्रवासवृत्त लिहिले. त्यात पैठण हे भडोच बंदराच्या दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर असल्याचे नमूद आहे. तो माल गाड्यांतून जात असे, आणि गाडीबरोबर माणसेही चालत असत. आजही फाल्गुन वद्य षष्ठीस नाथांच्या यात्रेकरिता दूरदूरच्या दिंड्या पायी येथे येतात. आमची उपासना निराळी असली तरी ह्या वारकऱ्यांची चाल पाहून आम्हांस नेहमी कौतुक वाटते. साठी उलटलेल्या स्त्रिया डोक्यावर तुळस घेऊन दिवसामागून दिवस चालतात. आणि त्यांचीच शाळकरी नातवंडे कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाण्यास मोटारसायकलीची किल्ली मागतात.

हा पालट दोन पिढ्यांत झाला. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्री ह्यांच्या हस्ते जायकवाडी धरणाची पायाभरणी झाली, व २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधी ह्यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. नाथसागराचे पाणी आले, मोटेच्या जागी विजेचे पंप आले, बाजरीच्या रानात ऊस उभा राहिला. रस्ते झाले, वाहने आली. ही प्रगती आम्ही मनापासून चांगली मानतो. ज्या माउलीने दूरवरून डोक्यावर पाणी वाहिले तिच्या दारी नळ यावा, ह्यात वाईट ते काय? कष्टांचे गोडवे गाणे हे बहुधा ज्यास कष्ट करावे लागत नाहीत त्याचे काम असते.

तथापि कष्ट गेले तेव्हा त्यांबरोबर शरीराची हालचालही गेली, आणि तिची जागा दुसऱ्या कशाने भरून निघाली नाही. आपले शरीर मात्र पूर्वीचेच राहिले. आपण जे धान्य खातो त्याची पोटात साखर होते व ती रक्तात उतरते. तिचा मोठा ग्राहक म्हणजे आपले स्नायू. स्नायू काम करू लागले म्हणजे ते रक्तातील साखर भराभर ओढून घेतात. ते स्वस्थ बसले म्हणजे ती मागे राहते. स्वादुपिंडात उत्पन्न होणारा इन्सुलीन नामक रस तिला ठिकाणी लावण्याची शिकस्त करितो. परंतु वर्षानुवर्षे आवक मोठी व खप थोडा असे चालले म्हणजे त्याचेही चालेनासे होते. ह्यालाच आपण मधुमेह म्हणतो. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या साहाय्याने झालेल्या व २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशातील मधुमेही लोकांची संख्या सुमारे १० कोटी १० लाख धरण्यात आली. पूर्वी ज्यास श्रीमंतांचा रोग म्हणत, तो आता शेतकऱ्याच्या ओसरीवर येऊन बसला आहे.

सायकलचा मान

आता पहिली वस्तू घेऊ. सायकल ही गरिबीची खूण, असे म्हणणाऱ्याने तिचा इतिहास पाहावा. दोन सारख्या चाकांची व साखळीने मागील चाक फिरविणारी आजच्यासारखी सायकल इंग्लंडात जॉन स्टार्ली ह्याने १८८५ साली बनविली. पुढे १८८८ साली बेलफास्ट शहरी जॉन डनलॉप नावाच्या पशुवैद्याने आपल्या लहान मुलाच्या तीनचाकीकरिता हवा भरलेली रबरी धाव तयार केली, आणि हाडे खिळखिळी करणारे हे वाहन सुखाचे झाले. त्याच १८८८ साली आपल्या बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्कर ह्यांनी बंधू रामुअण्णा ह्यांच्या साहाय्याने सायकलीचे दुकान काढले. पुढे लोखंडी नांगरामुळे घरोघरी पोचलेल्या किर्लोस्कर उद्योगाचा आरंभ हा असा सायकलीपासून झाला. त्या काळी सायकल ही साहेबाने, वकिलाने किंवा सावकाराच्या मुलाने घ्यावयाची वस्तू होती. ती पाहावयास रस्त्यावर माणसे जमत.

त्यानंतर ऑक्टोबर १९२३ मध्ये मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलींवर जगप्रदक्षिणेस निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला व रुस्तम भूमगरा हे तिघे सुमारे ७१,००० किलोमीटर प्रवास करून मार्च १९२८ मध्ये परत आले. अलीकडची उदाहरणे पाहावयाची तर आपल्याच गोदावरीच्या काठी, वरच्या अंगास नाशिक आहे. तेथील डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन ह्या बंधूंनी २०१५ साली अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंतची सुमारे ४,८०० किलोमीटरांची शर्यत दोघांनी आळीपाळीने सायकल चालवून नऊ दिवसांच्या आत पुरी केली. २०१७ साली नागपूरचे डॉ. अमित समर्थ ह्यांनी तीच शर्यत एकट्याने बारा दिवसांच्या आत पार केली. २०१८ साली पुण्याच्या वेदांगी कुलकर्णी ह्या विशीतील मुलीने सुमारे २९,००० किलोमीटरांची पृथ्वीप्रदक्षिणा १५९ दिवसांत केली.

ही नावे आम्ही विद्यार्थ्यांना विक्रम करावयास लावण्याकरिता दिलेली नाहीत. ध्यानात घ्यावयाची गोष्ट एवढीच की, जी वस्तू १८८८ साली श्रीमंतीची खूण होती तीच पुढे शंभर वर्षांत गरिबीची खूण झाली, आणि आता शहरातील डॉक्टर व व्यापारी तीच वस्तू मोठी किंमत देऊन पुन्हा विकत घेत आहेत. वस्तू तीच, चाके दोनच. पालटली ती बघणाऱ्यांची नजर. नजरेवर आरोग्य टांगून ठेवणे शहाणपणाचे नव्हे.

सायकल शरीराचे काय करिते?

चालण्यापेक्षा सायकलने तेच अंतर कापण्यास शक्ती पुष्कळ कमी लागते, म्हणून ती अशक्त माणसासही झेपते. शरीराचे वजन बैठकीवर टेकलेले असल्यामुळे गुडघ्यांवर व घोट्यांवर धावण्याइतका आघात होत नाही. मांड्यांचे व पोटऱ्यांचे मोठे स्नायू मात्र सारखे काम करीत राहतात. त्यांस प्राणवायू पुरविण्याकरिता छाती भरून श्वास घ्यावा लागतो व हृदय जोराने चालते. हृदय हाही एक स्नायूच आहे. रोजच्या माफक कामाने तो बळकट होतो, आणि बळकट झालेले हृदय विश्रांतीच्या वेळी थोड्या ठोक्यांत तेच काम उरकते.

किती वेळ सायकल चालवावी, ह्याचे उत्तर जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या मार्गदर्शनात आहे. पाच ते सतरा वर्षांच्या मुलामुलींनी दररोज सरासरी ६० मिनिटे अंग मोडून हालचाल करावी, व मोठ्यांनी आठवड्यास निदान १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, असे त्यात सांगितले आहे. आता आपला हिशेब करून पाहा. जो विद्यार्थी पाच किलोमीटरांवरील वाडीतून येतो त्यास साधारण वेगाने येण्यास वीस ते पंचवीस मिनिटे लागतात. जाऊन येऊन पाऊण तास होतो. उरलेला पाव तास मधल्या सुट्टीतील खो-खो किंवा कबड्डी भरून काढते. म्हणजे वेगळी फी नाही, वेगळी वेळ नाही, आणि दिवसाचा व्यायाम पुरा! शहरातील लोक ज्याकरिता पैसे भरून एकाच जागी खिळलेली सायकल फिरवीत बसतात, ते आमच्या खेड्यातील मुलास शाळेच्या वाटेनेच दिले आहे. शाळेची वाट हीच त्याची व्यायामशाळा होय.

म्हणून, मुलगा दहावीत गेला की त्यास मोटारसायकल द्यावी, असे ज्या पालकांच्या मनात येते त्यांस आमची कळकळीची विनंती आहे. ह्यात प्रेम आहे हे आम्ही जाणतो. आपण जे भोगले ते मुलाने भोगू नये अशी ती माया असते. परंतु अठरा वर्षे पुरी होण्यापूर्वी मुलास असे वाहन चालविण्याचा परवाना मिळत नाही. गियर नसलेल्या अगदी लहान इंजिनाच्या गाडीस तेवढी सोळाव्या वर्षी मुभा आहे. २०१९ च्या दुरुस्तीपासून मोटार वाहन कायदा अधिक कडक झाला आहे. अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालकास अथवा वाहनमालकास २५,००० रुपये दंड व तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि वाहनाची नोंदणी वर्षभर रद्द होते. दंडाचे असो, त्या वाहनाने मुलाचे पाय ज्या वयात बळकट व्हावयाचे त्याच वयात रिकामे बसतात, ही हानी कोणत्याही कायद्यात लिहिलेली नाही.

मुलींच्या पालकांशीही दोन शब्द बोलणे अवश्य आहे. मुलगी मोठी झाली की तिची सायकल बंद करणारी घरे अजून आहेत. बिहार राज्याने २००६ साली नववीतील मुलींना सायकली देण्यास आरंभ केला. पुढे अभ्यासकांनी तपासले तेव्हा माध्यमिक शाळेत दाखल होणाऱ्या मुलींचे प्रमाण त्यामुळे सुमारे तीस टक्क्यांनी वाढल्याचे आढळले. आपल्या राज्यातही मानव विकास कार्यक्रमाखाली निवडक तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी साहाय्य मिळते. मुलगी एकटी कशी जाईल ही चिंता खोटी नाही. तिचे उत्तर सायकल काढून घेणे हे नसून, एका वाडीच्या चारपाच मुलींनी मिळून येणे हे आहे. एकत्र निघणाऱ्या मुली वेळेवरही पोचतात, असा आमचा अनुभव आहे.

सायकल नीट चालवावयाची तर ती नीट बसविली पाहिजे. बैठकीवर बसून पायंडल सर्वांत खाली असता त्यावर टाच ठेवावी. तेव्हा पाय सरळ व्हावा. मग चवड्याने पायंडल मारताना गुडघा किंचित वाकलेला राहतो, आणि तीच योग्य उंची होय. बैठक फार खाली असल्यास गुडघे दुखतात, व पुष्कळ मुले दोष सायकलीला देतात. चाकांत हवा पुरी असावी, दोन्ही ब्रेक लागावे, साखळीस तेल असावे, मागे लाल चकाकती पट्टी व हिवाळ्याच्या संध्याकाळी दिवा असावा. डोक्यावर शिरस्त्राण असावे. ढोरकीन, बिडकीनवरून संभाजीनगरास जाणाऱ्या मोठ्या रस्त्यावर वाहनांची गर्दी असते. तेथे डाव्या कडेने, एकामागे एक, गप्पा न मारता जावे, आणि शेतातील किंवा गावातील वाट मिळत असेल तर ती धरावी. उसाच्या हंगामात एक गोष्ट मात्र आम्ही निक्षून सांगतो. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीस धरून सायकल ओढवून घेणे व चालत्या ट्रॉलीतून ऊस उपटणे ह्यांपेक्षा मोठा मूर्खपणा नाही. एका कांड्याच्या गोडीपायी हातपाय किंवा प्राण गमावण्यासारखे जगात काहीच नाही.

भाकरीचा मान

आता दुसरी वस्तू. पवित्र शास्त्रात दानिएलाची गोष्ट आहे. बाबेलच्या राजाने परक्या देशातून धरून आणलेल्या तरुणांस आपल्या पंक्तीचे मिष्टान्न व द्राक्षारस देण्याचे ठरविले. दानिएल व त्याचे तीन सोबती ह्यांनी ते नम्रपणे नाकारले, आणि दहा दिवस आम्हांस केवळ शाकान्न व पाणी देऊन पाहावे, अशी कारभाऱ्यास विनंती केली. दहा दिवसांनी तेच चौघे अधिक सतेज दिसले. दानिएलाचा मुख्य हेतू धर्मपालनाचा होता, आहारशास्त्र सांगण्याचा नव्हे. तरीही ह्या गोष्टीत एक बारीक शिकवण आहे. राजाच्या ताटाला नाही म्हणावयास धैर्य लागते, कारण मानाचे अन्न नाकारणाऱ्यास लोक दरिद्री समजतात. आणखी असे की, दानिएलाने वाद घातला नाही. परीक्षा घ्या म्हणाला.

अशीच एक परीक्षा आपल्या देशात शास्त्रीय रीतीने झाली. निलगिरी पर्वतातील कुन्नूर येथे रॉबर्ट मॅककॅरिसन ह्या डॉक्टरने १९१८ साली आहाराच्या संशोधनास आरंभ केला. त्याच संस्थेची पुढे हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था झाली. त्याने उंदरांचे निरनिराळे गट करून एकेका गटास एकेका समाजाचा आहार दिला. सबंध गव्हाच्या चपात्या, डाळी, दूध, लोणी व पालेभाज्या खाणारे उंदीर सर्वांत धडधाकट निघाले. दुसऱ्या एका गटास पांढरा पाव, बनावट लोणी, गोड चहा, मुरंबा व डबाबंद मांस असे इंग्लंडातील गरीब वस्तीचे अन्न दिले. ते उंदीर खुरटले, आजारी पडले व एकमेकांस चावू लागले. ही परीक्षा शंभर वर्षांपूर्वीची आहे. परंतु आमच्या मधल्या सुट्टीत जी पाकिटे फाडली जातात त्यांकडे पाहिले म्हणजे ती काल झाल्यासारखी वाटते.

ज्वारीची व बाजरीची भाकरी ही मराठवाड्याची रोजची शिदोरी. ह्या धान्यांचे पीठ कोंड्यासकट दळले जाते, म्हणून त्यात चोथा पुष्कळ असतो. चोथ्यामुळे पोट साफ राहते, भूक लवकर लागत नाही व साखर रक्तात हळूहळू उतरते. बाजरीत लोह तांदळाच्या कितीतरी पट असते. नाचणीत कॅल्शियम इतके असते की १०० ग्रॅम नाचणीतून ३०० मिलिग्रॅमांहून अधिक मिळते. हे गुण ओळखूनच भारताच्या सूचनेवरून संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले. तेव्हापासून मोठ्या शहरांतील उपाहारगृहांत आपली भाकरी चांगल्या दामाने विकली जाते. सायकलीची व भाकरीची कहाणी अशी अगदी एक आहे.

तथापि नुसती भाकरी पुरत नाही, हेही सांगितले पाहिजे. शरीराच्या वाढीस प्रथिने लागतात, व प्रथिने ही निरनिराळ्या घटकांची गुंफण असते. त्यांपैकी लायसीन नावाचा घटक ज्वारीत थोडा व डाळीत पुष्कळ असतो. जे डाळीत उणे तो दुसरा घटक धान्यात असतो. म्हणून भाकरीबरोबर तुरीचे वरण, पिठले, मटकीची उसळ किंवा शेंगदाण्याची चटणी घेतली म्हणजे दोहोंचे उणे एकमेकांनी भरून निघते. आमच्या आज्यांना लायसीन हा शब्द ठाऊक नव्हता. पिठले-भाकरीची जोडी ठाऊक होती. ज्यांच्या घरी चालते त्यांनी अंडी व मासे अवश्य घ्यावेत. ज्यांच्या घरी चालत नाहीत त्यांस दूध, दही व ताक आहे.

मुलींकरिता लोहाची गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. २०१९ ते २०२१ ह्या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील पंधरा ते एकोणीस वर्षांच्या मुलींपैकी दर शंभरांत एकोणसाठ जणींच्या अंगी रक्ताची उणीव आढळली. अशा मुलीस जिना चढताना धाप लागते, वर्गात डोळे मिटतात, आणि घरचे व शिक्षक तिला आळशी म्हणतात. ती आळशी नसते. तिच्या रक्तात प्राणवायू वाहणारे द्रव्य कमी असते. तिने मेथी, पालक, करडईची भाजी, बाजरी, गूळ-शेंगदाणे व डाळी खाव्यात, आणि जेवणात लिंबू पिळावे किंवा पेरू, आवळा अथवा आपल्या पाचोड भागातील मोसंबी खावी, कारण आंबट फळांतील क जीवनसत्त्वाने धान्यातील व भाजीतील लोह अंगी चांगले लागते. उलट जेवणाबरोबर घेतलेला चहा ते लोह अडवितो. म्हणून चहा व जेवण ह्यांत निदान तासाचे अंतर ठेवावे. घरात आधी पुरुषांनी, मग मुलांनी व शेवटी उरेल ते मुलींनी व आईने खावे, ही रीत जेथे असेल तेथे ती ह्या वर्षी मोडावी. धाप लागणे थांबत नसेल तर सरकारी दवाखान्यात रक्त तपासून डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे लोहाच्या गोळ्या घ्याव्यात.

दोहोंचा मेळ

पुष्कळांस असे वाटते की, सायकल चालविली म्हणजे वाटेल ते खाण्यास मोकळीक मिळाली. ह्या समजुतीचा हिशेब सोपा आहे. पन्नास किलो वजनाच्या मुलाने पाऊण तास मध्यम वेगाने सायकल चालविली तर जी शक्ती खर्च होते ती साधारण एका ज्वारीच्या भाकरीइतकी असते. एवढा श्रम करून त्याने एक वडापाव व एक गोड पेयाची बाटली घेतली तर त्याने खर्चाहून पुष्कळ अधिक जमा केली. अशा २५० मिलिलिटरांच्या बाटलीत साधारण पंचवीस ग्रॅम, म्हणजे पाच-सहा चमचे, साखर असते. आणि मोठ्या माणसानेसुद्धा दिवसभरात वरून घातलेली साखर शक्य तर २५ ग्रॅमांच्या आत ठेवावी, असे जागतिक आरोग्य संघटनेचे म्हणणे आहे. एका घोटात दिवसाचा वाटा संपला! तहान लागली तर पाणी किंवा ताक प्यावे. मिठाचीही मर्यादा दिवसास पाच ग्रॅमच आहे. पापड, लोणचे व पाकिटातील खारे पदार्थ ती केव्हाच ओलांडतात.

ह्याच्या उलट चूकही तितकीच मोठी आहे. काही मुले सकाळी काहीच न खाता सायकलवर निघतात, व प्रार्थनेच्या वेळी त्यांस घेरी येते. काही मुली बारीक दिसावे म्हणून जेवण टाळतात. लाकूड न घालता चूल पेटत नाही. उपाशी शरीराकडून श्रम घेतले म्हणजे ते आपलेच स्नायू जाळू लागते. सायकल व भाकरी ही एका गाडीची दोन चाके आहेत. एक काढून दुसऱ्यावर गाडी चालणार नाही.

म्हणून सर्वांस पाळता येतील असे थोडे नियम आम्ही येथे देतो:

१. सहा-सात किलोमीटरांच्या आतील विद्यार्थ्याने शक्य तेथे सायकलने व दोन किलोमीटरांच्या आतील विद्यार्थ्याने पायी यावे.

२. घरून निघण्यापूर्वी अर्धा तास थोडे खावे: अर्धी भाकरी व दूध, उपमा, पोहे अथवा मूठभर शेंगदाणे व गूळ.

३. डब्यात भाकरी किंवा पोळी, एक डाळ वा उसळ व एक भाजी असावी. सबंध गव्हाची पोळीही चांगलीच. मैदा मात्र क्वचित.

४. पाण्याची बाटली जवळ असावी. एप्रिल-मे महिन्यांत दुपारच्या उन्हात सायकल चालवू नये, डोके झाकावे.

५. पाकिटातील खाणे व गोड पेय ह्यांस आठवड्यात एकच दिवस ठरवावा. अजिबात बंदी केली म्हणजे ती चोरून मोडली जाते.

६. चाळिशीवरील पालकांनी, विशेषतः मधुमेह, रक्तदाब वा हृदयविकार असल्यास, डॉक्टरांस विचारून आरंभ करावा. पहिल्या आठवड्यात दहा मिनिटे, मग थोडी थोडी वाढवावी.

७. रात्री लवकर जेवावे व पुरी झोप घ्यावी. मुलांच्या वयात आठ ते दहा तास झोप लागते.

शेवटी एक शंका. प्रेषित पौलाने तीमथ्याला लिहिताना शारीरिक कसरतीचा लाभ थोडका व सुभक्तीचा लाभ सर्व काळचा असे म्हटले आहे. मग शरीराची एवढी चिंता का करावी? आम्हांस असे वाटते की पौलाने थोडका म्हटले, शून्य म्हटले नाही. त्यानेच करिंथच्या मंडळीस शरीर हे पवित्र आत्म्याचे मंदिर असल्याची आठवण दिली. मंदिर हे पूजेची वस्तू नव्हे, पण ते झाडून ठेवावे लागते. पिळदार दंड आरशात पाहण्याकरिता आरोग्य कमवावयाचे नाही. आजारी शेजाऱ्यास दवाखान्यात नेता यावे, म्हाताऱ्या आईबापांचा भार उचलता यावा, परीक्षेच्या दिवशी डोके शांत राहावे, आणि आपल्या उपचारापायी घरचे शेत गहाण पडू नये, ह्याकरिता ते कमवावयाचे आहे. ज्या घरात एक माणूस चाळिशीतच अंथरुणास खिळतो त्या घराची मुले शाळा सोडतात. आमच्या पटावरून अशी नावे गेलेली आहेत, आणि ह्या पाठाचे खरे कारण तेच आहे.

अभ्यास: येत्या सहामाहीत प्रत्येक विद्यार्थ्याने एक वही करावी. पहिल्या पानावर घरापासून शाळेचे अंतर व येण्यास लागणारा वेळ लिहावा. त्यापुढे चार आठवडे रोज किती मिनिटे सायकल चालविली वा पायी आलो, आणि ताटात काय काय होते, हे खरेखरे मांडावे. आईच्या व बहिणीच्या ताटात काय होते, तेही लिहावे. चार आठवड्यांनी ती वही घरी सर्वांसमोर वाचून दाखवावी, आणि मग गंजलेल्या सायकलीच्या चाकात हवा भरावी.